अजगर आणि आमचें अज्ञान

अजगर दिसला कीं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धांवावयाचें आणि तो मेला म्हणजे मोठा पराक्रम केल्याच्या आविर्भावानें घरीं परतावयाचें, हा प्रकार आमच्या इकडे अद्यापि बंद पडलेला नाहीं. म्हणून या प्राण्याविषयीं चार खऱ्या गोष्टी वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिली गोष्ट ही कीं, अजगरास विष नाहीं. तो श्वासानें सावज ओढून घेतो, ही समजूतही निव्वळ कल्पित होय. त्याच्या ओठांवरील खळग्यांस उष्णता कळते. त्यामुळें अंधारांतही उंदीर किंवा ससा जवळ आल्याचा त्यास सुगावा लागतो. मग दांतांनीं धरून तो सावजाभोवतीं वेटोळें घालतो. सावज गुदमरून मरतें असें पुष्कळ काळ मानीत; परंतु २०१५ सालीं अमेरिकन संशोधकांनीं बोआ या अशाच आवळून मारणाऱ्या सर्पावर प्रयोग केले, तेव्हां दाबानें सावजाचें रुधिराभिसरणच कांहीं क्षणांत खुंटतें असें आढळलें.

दुसरी गोष्ट त्याच्या आळसाची. सुस्त मनुष्यास आपण अजगराची उपमा देतों. पण अंडीं घातलेल्या मादीचें वर्तन पाहावें. सुमारें दोन महिने ती अंड्यांभोवतीं वेटोळें घालून, बहुधा अन्नावांचून राहते आणि गारवा वाढल्यास स्नायू थरथरवून ऊब उत्पन्न करते. ब्रह्मदेशी जातीच्या मादीची ही ऊब १८४१ सालीं पॅरिस येथें मोजली गेली, व १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांतील मादीवर तिचें स्नायुजन्य कारणही सिद्ध झालें. शीतरक्ताच्या प्राण्यानें संततीसाठीं इतकें झिजावें, यास आळस कोण म्हणेल?

आतां आमच्या व्यापारी बंधूंस एक प्रश्न. वखारींतील धान्य नासणारे उंदीर-घुशी आपले शत्रू. मग त्यांस खाणारा आपला शत्रू कसा? तो क्वचित् कोंबडी वा करडूं नेतो, आणि गरिबाचें तें नुकसान खरेंच. पण त्यावर उपाय खुराडें व गोठा बंदिस्त करणें हा आहे, हत्या नव्हे. सांधेदुखीवर म्हणून अजगराची चरबी विकत घेणारा तर या हत्येस भांडवलच पुरवितो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अजगरास पहिल्या परिशिष्टाचें संरक्षण दिलें आहे, व त्यास मारणाऱ्यास तुरुंगवास आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षां ज्ञानानें आलेला विवेक अधिक टिकाऊ. अजगर आढळल्यास गर्दी हटवावी, दुरून लक्ष ठेवावें आणि वनखात्यास कळवावें. एवढा संयम दाखविणें हाच खरा पराक्रम होय.