कागद, गाडीभाडे आणि बुडालेला रोज

रुग्णाला सरकारी आरोग्य योजनेपर्यंत नेऊन पोहोचवणे हे नाशिक जिल्ह्यात वेगळेच काम आहे. पाड्यावर ते आशा कार्यकर्ती करते, तर रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आणि योजनेचा आरोग्यमित्र.

पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांत पहिली अडचण अंतराची. बाळंतिणीला सरकारी गाडी न्यायला येते आणि घरी सोडतेही. पण मधुमेहाच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णाला नाशिकच्या फेऱ्या स्वतःच्या खर्चाने माराव्या लागतात. सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. नवसंजीवनी योजनेत कुपोषित बालकाबरोबर राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी मिळते, कारण दाखल केलेले मूल आई कामासाठी मध्येच घरी नेते, हा अनुभव जुना आहे. इतर आजारांना ही सोय नाही, आणि तिथेच उपचार तुटतात.

दुसरी अडचण कागदाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. २०२३च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपये झाले आणि सर्व शिधापत्रिकाधारक तिच्यात आले. आरोग्यमित्राच्या टेबलावर नातेवाईक प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेले रेशनकार्ड काढतात. आधारवर सासरचे नाव, कार्डावर माहेरचे. किंवा सुनेचे नाव कुठल्याच कार्डावर नाही. मग माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, सासरी ते चढवायचे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागाहून घेता येतात, हे नातेवाइकांना सांगणारे कोणी हवे.

योजनेत न बसणाऱ्या आजारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग उरतो. उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार तिथल्या १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. समाजसेवा अधीक्षकाचा अर्धा दिवस अशा खाटांसाठी फोन करण्यात जातो.

क्षयरोग्याला दरमहा १००० रुपये पोषण साहाय्य मिळते, पण ते बँक खात्यातच. खाते उघडायला रुग्णाला घेऊन जाणारी पुन्हा आशाच. एवढी साखळी सांभाळणारी ही बाई सरकारदरबारी अजून ‘स्वयंसेविका’ आहे, हे न्यायाचे नाही.

रेशनकार्डावरची नावे आजारपण येण्याआधीच तपासून घ्यावीत. दुरुस्तीला वेळ लागतो.