रोलचा जुना कॅमेरा घेताय? पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडून बघा

भालकी असो, बसवकल्याण असो की आळंद, तालुक्याच्या गावातला जुना फोटो स्टुडिओ कायमचा बंद व्हायला लागला की दोन गिऱ्हाइकं हमखास येतात. एक भंगारवाला. दुसरा, रोलच्या कॅमेऱ्याचं वेड लागलेला कॉलेजचा पोरगा. भंगारवाला वजनावर भाव करतो, पोरगा मोबाईलवर ऑनलाइन किमती दाखवून घासाघीस करतो. भंगारवाल्याला आपण काय घेतोय हे नक्की ठाऊक असतं. पोरग्याला बहुतेक वेळा नसतं.

रोलचे कॅमेरे परत मागणीत आलेत, यात नवल राहिलेलं नाही. पेंटॅक्सनं तर २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा रोलवर चालणारा नवाकोरा कॅमेरा बाजारात आणला. पण नव्याची किंमत परवडत नाही, म्हणून सगळी धाव जुन्याकडे. बीदर-कलबुर्गीच्या लोकांना त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. हैदराबादचा गुरुवारचा जुमेरात बाजार बीदरहून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, आणि बराच माल तर आपल्याच घरातल्या ट्रंकेत पडून आहे.

या भागात काय सापडतं? घरगुती कॅमेऱ्यांत आगफा क्लिक थ्री आणि आयसोली, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेले. १२० नंबरचा रोल घालायचा. क्लिक थ्रीत बारा फोटो, आयसोलीत सोळा. हा रोल आजही मिळतो, त्यामुळे आजोबांची आगफा आजही चालू शकते. १९८० च्या दशकातला हॉट शॉट मात्र ११० च्या छोट्या कॅसेटवर चालतो. ती कॅसेट परदेशातून मागवावी लागते, तेव्हा तो शोकेसमध्ये ठेवलेलाच बरा. स्टुडिओवाल्यांकडे वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा याशिका मॅट. गल्फला गेलेल्यांनी आणलेले याशिका इलेक्ट्रो ३५ आणि एमएफ-२. आणि रशियन झेनिट, विटेसारखा जड नि तितकाच टणक.

कॅमेरा स्वस्त, चालवणं महाग

इथं पहिली फसगत होते ती हिशेबाची. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल तालुक्याच्या दुकानातही मिळायचा. तो कारखाना बंद पडला. आज रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून हजार-दीड हजार रुपये सहज जातात. छत्तीस फोटोंचा रोल धरला तरी एका फोटोला चाळीस रुपयांच्या आसपास. त्यात रंगीत रोल धुणारं दुकान आता गावात उरलेलं नाही. कुरिअरनं हैदराबाद, पुणे नाहीतर मुंबईला पाठवायचा. म्हणजे दीड हजाराला घेतलेला कॅमेरा दुसऱ्या रोललाच स्वतःच्या किमतीच्या पुढं जातो. हे परवडणार नसेल तर कॅमेरा न घेणं हाच शहाणपणा.

‘चालू आहे’ म्हणजे काय?

विकणारा बटण दाबून दाखवतो, ‘खटाक्’ आवाज येतो, आणि म्हणतो, “चालू आहे साहेब.” त्या आवाजावर पैसे देऊ नयेत. याशिका इलेक्ट्रो ३५ चंच बघा. १९६६ पासून आलेला हा कॅमेरा सेलवर चालतो, पण सेल नसला तरी शटर उडतंच, फक्त सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या एकाच वेगानं. बाजारात तो कायम चालूच वाटतो. खरं कळतं सेल घातल्यावर. भिंगावर हात ठेवून बटण अर्धं दाबलं की आतला दिवा लागायला पाहिजे आणि पूर्ण दाबल्यावर शटर बराच वेळ उघडं राहायला पाहिजे. रोल पुढं सरकवताना आतून हलका ‘टक’ आवाज आला तर चांगलं. तो आला नाही, तर आतली रबराची बारीक गादी कुजलेली असण्याचा संभव मोठा. या मॉडेलचा तो जन्मजात रोग आहे.

ज्या कॅमेऱ्याला सेलशिवाय चालणारे वेग असतात, त्याचा चाकावरचा प्रत्येक वेग लावून बघावा. एक सेकंदाचा वेग लावला आणि शटर मध्येच अडकलं, किंवा दोन-तीन सेकंद लागले, तर आतलं ग्रीस वाळलेलं आहे. हा दोष दुरुस्त होतो, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. झोर्की किंवा फेड हाती आला तर आधी चावी फिरवून शटर भरायचं, मग वेगाचं चाक हलवायचं. उलट केलं तर आतली यंत्रणा मोडू शकते, आणि मोडली ती तुमच्या हातात. याच रशियन कॅमेऱ्यांवर जर्मन शिक्के कोरून ‘लायका’ म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे, हेही ध्यानात असावं.

मग मागचं झाकण उघडायचं. कडेच्या खाचांमधला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटतो का? तो गेला की उजेड आत शिरतो नि फोटोवर पट्टे येतात. घाबरण्यासारखं काही नाही. हे काम घरी होतं. कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर भिंग काढून अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारावी. पडद्यातून चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर पडद्याला भोकं आहेत. सेलच्या डबीत हिरवट-पांढरा थर असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावलेल्या काडीनं तो निघतो, पण तार आतपर्यंत खाल्ली गेली असेल तर नाही.

भिंगाला टॉर्च मागून लावून समोरून बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. आपल्याकडची हवा मुंबई-कोकणासारखी दमट नाही, ही जमेची बाजू. पण चामडी कव्हरमध्ये घालून कपाटात वीस वर्षं ठेवलेल्या कॅमेऱ्याला पावसाळ्याची ओल पुरते. आपल्या भागाचा खरा त्रास वेगळा: धूळ आणि ऊन. मे महिन्याच्या उकाड्यात भिंगाच्या नळीतलं जुनं ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटून बसतात. चामडी कव्हर दिसायला देखणं, पण कॅमेरा त्यात ठेवू नये.

घरी काय करावं, काय नाही

फोम बदलणं, सेलची डबी साफ करणं, बाहेरची भिंगं पुसणं एवढं घरी करावं. जुना फोम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवून लाकडी काडीनं खरवडायचा आणि दीड-दोन मिलिमीटरचा नवा काळा फोम किंवा काळी लोकर चिकटवायची. स्क्रू उघडायची वेळ आलीच तर साधा चौफुली पेचकस जपानी स्क्रूचं डोकं खातो. जपानी मापाचा बारीक पेचकस वेगळा मिळतो.

शटरमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि कॅमेरा मारण्याचा खात्रीचा मार्ग. दोन दिवस शटर छान पळतं, मग तेल पसरून पाती कायमची धरतात. त्यापेक्षा एखादा जुना घड्याळजी गाठावा. शटरचे संथ वेग ठरवणारी दात्यांची चाकं म्हणजे जवळजवळ घड्याळच. चावीची घड्याळं उघडणाऱ्या माणसाला ती ओळखीची वाटतात. आतच फ्लॅश असलेला एमएफ-२ सारखा कॅमेरा मात्र कुणीही हौसेनं उघडू नये. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपासचा दाब शिल्लक असू शकतो.

सेलचा प्रश्न राहतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक मीटरना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. तो आता मिळत नाही. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर मीटर उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळवंडतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल कडेला रबरी कडं लावून घातला तर व्होल्टेज जवळपास जुळतं. आणि मीटर बंदच असेल तरी बिघडत नाही: लख्ख उन्हात ४०० चा रोल असेल तर छिद्र १६ आणि वेग पाचशेवर ठेवायचा. कलबुर्गीच्या एप्रिलमध्ये याला मीटरची गरजच काय?

काळापांढरा रोल घरी धुता येतो, खर्चही कमी. अडचण पाण्याची. डी-७६ सारख्या रसायनाला २० अंशाचं पाणी हवं असतं, आणि उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणी तिशीच्या वर. बर्फाच्या टबात बाटली ठेवून उतरवावं, किंवा तक्ता पाहून वेळ कमी करावा. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की रोल सारखा धुतला जात नाही. शिवाय शहाबादी फरशीच्या मुलखातलं बोअरचं पाणी चुनखडीचं. त्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर वाळून बसतात. शेवटचं खंगाळणं इन्व्हर्टरमध्ये घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं करावं.

ट्रंकेतली दुसरी वस्तू

बंद होणाऱ्या स्टुडिओतून कॅमेरा घेताना त्याच्या शेजारची पेटी कुणी विचारत नाही. तिच्यात निगेटिव्ह असतात. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून भंगारवाला ती आनंदानं नेतो आणि चांदी काढून घेतो. निजामाच्या राजवटीत सरकारी पुरातत्त्व खात्यानं बीदरच्या इमारतींचे फोटो नीट काढून ठेवले. गुलाम याझदानी यांचं बीदरच्या वास्तूंवरचं छायाचित्रांनी भरलेलं पुस्तक १९४७ मध्ये निघालं. म्हणून मदरसा नि किल्ला त्या काळी कसा दिसायचा हे आज बघता येतं. पण १९४८ ला हैदराबाद संस्थान विलीन झालं, १९५६ ला बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले, त्या वर्षांतली इथली साधी माणसं, त्यांची लग्नं, शाळेचे वर्ग, नऊवारीतल्या आज्या, हे सगळं असेल तर गावच्या स्टुडिओंच्या पेट्यांतच.

पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आतून सडायला लागली आहे. वास येणारा गठ्ठा लगेच वेगळा करावा, कारण एकाची लागण दुसऱ्याला होते, आणि उष्णता ती आणखी वाढवते. बाकीच्या प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटात, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवाव्यात. स्कॅनर नसेल तर लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर, पडद्यापासून थोडी वर धरून मोबाईलनं फोटो काढला तरी चेहरे ओळखू येतात. काळ्याचं पांढरं करायला फुकटची ॲप आहेत. आणि स्टुडिओचा मालक समोर बसलेला असतानाच, त्याच्या रजिस्टरातल्या नंबरांवरून, कुणाचं लग्न, कोणतं गाव, कोणतं साल हे पाकिटावर पेन्सिलीनं लिहून घ्यावं. कॅमेऱ्याचा भाव त्यानंतर करता येतो.