एक जण कमी पडतोय

जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिले काही रविवार फार जड जातात. दुकानं कायद्यानेच बंद, रस्ते सामसूम, वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात चिटपाखरू नसतं. घरच्यांशी बोलून झालं तरी अख्खा दिवस उरतो. अशात पूर्वी कुणाचा तरी निरोप यायचा, ‘उद्या फ्युसेनला निघालोय, चौघं आहोत, एक जण कमी पडतोय. येतोस का?’ तिथल्या कितीतरी मैत्र्या या निरोपातून जुळल्या आहेत आणि त्याचं बरंचसं श्रेय मी रेल्वेच्या तिकिटाला देते.

१९९५ साली जर्मन रेल्वेने शनिवार-रविवारसाठी एक तिकीट काढलं. १५ मार्कांत पाच जणांनी दोन्ही दिवस देशभर हवं तिथे फिरावं, फक्त वेगवान गाड्यांत चढू नये. पुढे किंमत वाढत गेली, दोन दिवसांचा एक झाला आणि २०१९ मध्ये ते तिकीट बंद झालं. राज्याराज्यांची तिकिटं मात्र टिकली. म्युनिकच्या विद्यार्थ्यांचं लाडकं ‘बायर्न तिकीट’ त्यातलंच. पहिल्या प्रवाशाला जास्त पैसे, पुढच्या प्रत्येकामागे थोडी भर, आणि जास्तीत जास्त पाच जण. साहजिकच पाच भरले की माणशी खर्च सगळ्यात कमी. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत ते चालतं. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात, त्यामुळे वाटेत माणूस बदलता येत नाही. निघाले ते पाच जण दिवसभर एकमेकांचे.

हे बांधलेपण मला फार मोलाचं वाटतं. रीजनल गाडी आपल्या पॅसेंजरसारखी गावोगाव थांबते. म्युनिकहून फ्युसेनला दोन तास लागतात. तेवढ्यात डबे उघडतात, चिवडा फिरतो, प्रबंधाची रखडपट्टी, अर्धवेळ नोकरी, खोलीचं भाडं असं सगळं बोलून होतं. पुढे बस, मग नॉयश्वानस्टाइनची अर्ध्या-पाऊण तासाची चढण. बायर्नचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं. १८८६ मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी किल्ला लोकांना खुला झाला. आत जायला तिकिटावर ठरलेली वेळ असते. ती चुकली की प्रवेश हुकला, म्हणून जो मागे राहतो त्याची बॅग दुसरा कुणीतरी घेतो. ओळख खरी होते ती इथे.

म्युनिकहून दक्षिणेला टेगर्नझे तळ्याकडे जाताना वेगळीच काळजी घ्यावी लागते. निघताना एकच असलेली गाडी होल्त्सकिर्खन आणि शाफ्टलाख इथे तुटते आणि तिचे तीन भाग तीन गावांना जातात. पाच जणांना एकत्र जागा मिळाली नाही, तिघं पुढे आणि दोघं मागे बसले, तर एकाच तिकिटावरची माणसं दोन वेगळ्या दऱ्यांत पोचू शकतात. आणि तिकीट तर एकाच्याच खिशात! चढताना डब्यावरचं गावाचं नाव वाचणं, हा तिथला पहिला धडा. सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जाणाऱ्यांनी पासपोर्ट आणि निवासाचं कार्ड दोन्ही जवळ ठेवावं. परतीच्या गाडीत सीमेवर तपासणी होते.

मे २०२३ पासून चित्र बदललं. महिन्याला ४९ युरोत देशभरच्या रीजनल गाड्या, बस, ट्रॅम खुल्या करणारा पास आला. पुढे तो महागला, पण विद्यार्थ्यांना बऱ्याच विद्यापीठांत सवलतीत मिळतो. ज्याचा त्याचा पास, ज्याची त्याची वेळ. हातात पैसा मोजका असलेल्यांना याचा मोठाच आधार झाला, ते हवंच होतं. पण आता पाचवा माणूस शोधायची गरज कुणालाच उरली नाही. शेजारच्या खोलीतल्या, नाव जेमतेम माहीत असलेल्या मुलाचं दार ‘तू आलास तर स्वस्त पडेल’ म्हणून वाजवलं जायचं, ते वाजेनासं झालं. गट पूर्वीसारखे निघतात, पण आधीच ओळख असलेल्यांचे. ज्याला बोलावणं सगळ्यात गरजेचं, तोच मागे राहतो.

म्हणून आता ते दार मुद्दाम वाजवावं लागेल. शेजारी केरळचा असेल, कोलंबियाचा असेल; त्यालाही रविवार तितकाच जड जातोय. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. पहिली सहल त्याआधी काढावी. तीन शहरं पालथी घालायच्या फंदात न पडता एकच गाव निवडावं, डबा थोडा जास्तीचा भरावा आणि शनिवारी रात्रीच विचारून ठेवावं.