वैमानिकाच्या कानांतील गाणें

मोटार चालवितांना गाणें ऐकावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां कोणी फारसा विचारीत नाहीं. परंतु चार आसनांचें व एका एंजिनाचें खासगी विमान स्वतः चालविणाऱ्या गृहस्थापुढें तोच प्रश्न आला तर त्याचें उत्तर इतकें सोपें नाहीं. अमेरिकेंत अशीं लहान विमानें हौसेनें बाळगणारे लोक पुष्कळ आहेत. सुटीच्या दिवशीं दोन-तीन तासांचा प्रवास चालला आहे, हवा निर्मळ आहे, खालीं शेतें व नद्या संथपणें मागें सरकत आहेत, अशा वेळीं मनास संगीताची आठवण होणें स्वाभाविक आहे. तथापि ज्या कानांनीं गाणें ऐकावयाचें, त्याच कानांवर वैमानिकाचा जीवही अवलंबून असतो. म्हणून विमानांत कानाचीं कामें कोणतीं आणि त्यांत गाण्यास जागा कशी करून देतां येते, हें क्रमानें पाहणें उचित होईल.

प्रथम गोंगाटाचा विचार. या वर्गांतील सर्वांत प्रसिद्ध विमान म्हणजे सेस्ना १७२. त्याचें पहिलें उड्डाण १९५५ मध्यें झालें आणि आजवर अशीं ४४,००० हून अधिक विमानें तयार झालीं आहेत. १९६८ पासूनच्या नमुन्यांत चार सिलिंडरांचें एंजिन व पुढें दोन पात्यांचा पंखा असतो. मिनिटास २,४०० फेरे म्हणजे सेकंदास ४०. प्रत्येक फेऱ्यांत पंख्याचीं दोन पातीं हवेवर आघात करतात आणि दोन सिलिंडर पेट घेतात. म्हणजे पंख्याचे सेकंदास ८० आघात आणि एंजिनाचेही तितकेच! पुरुष गायकाच्या खर्जाच्या आसपास येणारा हा घुमारा उड्डाणभर अखंड चालू असतो. त्यांत वाऱ्याचा सोसाटा मिळाला म्हणजे आंतील आवाज ९० डेसिबेलच्या घरांत जातो. व्यावसायिक सुरक्षेचें संशोधन करणारी अमेरिकेंतील राष्ट्रीय संस्था ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठीं आठ तासांहून अधिक सोसूं नये असें सांगते, व पुढें दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी करते. त्या हिशेबानें ९१ डेसिबेलला दोनच तास उरतात. अशा ठिकाणीं साधे इअरफोन घालून गाणें ऐकावयाचें, तर तें गोंगाटाहूनही मोठें करावें लागतें. तंबोऱ्याचा खर्ज तर बुडतोच, आणि कानावर मात्र दुहेरी मार बसतो.

म्हणून वैमानिक दोन्ही कान पूर्ण झांकणारा हेडसेट घालतात. त्याच्या जाड गाद्या उंच स्वराचा आवाज चांगला अडवितात. परंतु खालच्या स्वराच्या लांब लहरी त्यांना फारशा जुमानीत नाहींत. या अडचणीवर निघालेला उपाय कांट्यानें कांटा काढण्यासारखा आहे. ध्वनि म्हणजे हवेचें एकामागून एक होणारें दाबणें व विरळ होणें. एक लहर हवा दाबीत असतांना नेमकी त्याच क्षणीं दुसरी लहर ती विरळ करूं लागली, तर दोन्ही मिळून शांतता उत्पन्न होते. पॉल लुएग या जर्मन गृहस्थास या कल्पनेचें अमेरिकन पेटंट १९३६ मध्येंच मिळालें होतें. परंतु ती व्यवहारांत आणण्याजोगीं विद्युत्-साधनें त्या वेळीं नव्हतीं. पुढें १९७८ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र-संस्थेंतील प्राध्यापक अमर बोस हे युरोपांतून बोस्टनला परतत होते. प्रवाशांना दिलेल्या इअरफोनांतून संगीत ऐकूं लागतांच विमानाच्या घोंघावण्यानें त्याचा विरस झाला, आणि त्याच प्रवासांत त्यांनीं या विषयाचें गणित मांडावयास घेतलें. १९८६ मध्यें 'व्हॉयेजर' विमान कोठेंही न उतरतां व वाटेंत इंधन न घेतां पृथ्वीप्रदक्षिणा करून आलें. सुमारें नऊ दिवसांच्या त्या प्रवासांत दोघां वैमानिकांचे कान राखण्यास बोस यांच्या हेडसेटाचे प्रायोगिक नमुने उपयोगी पडले. १९८९ मध्यें असा हेडसेट वैमानिकांसाठीं बाजारांत आला. ८० आंदोलनांच्या लहरीची लांबी सुमारें सव्वाचार मीटर असते. इतक्या लांब लहरीस विरुद्ध लहरीची गांठ घालून देणें सोपें जातें. म्हणून हा उपाय नेमका एंजिनाच्या घुमाऱ्यावर अधिक चालतो, आणि त्याच्या मागें लपलेलें गाणें हलक्या आवाजांतही स्पष्ट ऐकूं येतें.

आतां गाण्याकडे वळूं. आजचें संगीत अंकांच्या रूपानें साठविलेलें असतें. १९८२ मध्यें आलेल्या तबकडीवर ध्वनीचें माप प्रत्येक सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन तें अंकांत लिहिलें जाई. पुढें हेच अंक संक्षेपानें लिहिण्याच्या युक्त्या निघाल्या आणि हजारों गाणीं खिशांत मावूं लागलीं. २००१ मध्यें निघालेल्या 'आयपॉड' यंत्रांत हे अंक फिरत्या चुंबकीय तबकडीवर ठेवलेले असत. तें यंत्र १०,००० फुटांहून अधिक उंचीवर चालवूं नये, असें त्याच्या निर्मात्यांनीं सांगून ठेविलें होतें. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. तबकडी वाचणारें शीर्ष तिला टेकत नसे. तबकडीच्या वेगानें उत्पन्न झालेल्या हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तें तरंगत असे. उंचावर हवा विरळ झाली म्हणजे हा थर दुबळा होऊन शीर्ष तबकडीवर आपटण्याचें भय असे. म्हणजे विमानास आधार देणारी हवा आणि त्या शीर्षास आधार देणारी हवा, दोन्ही एकाच नियमानें बांधलेल्या होत्या! अशा तबकडीचा शेवटचा आयपॉड २०१४ मध्यें बंद झाला. आजच्या मोबाइलांत अशी फिरती तबकडी नसल्यामुळें ही भीति उरलेली नाहीं.

दुसरी भीति मात्र उरली आहे. अंकांवर चालणारें प्रत्येक यंत्र थोड्याबहुत रेडिओ-लहरी बाहेर टाकतें. लहान विमानाचें दिशादर्शक यंत्र १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान आणि संभाषणाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतो. त्यांत उपरा आवाज मिसळतां कामा नये. अमेरिकेंत उपकरणांच्या आधारें चालणाऱ्या उड्डाणांत अशीं यंत्रें वापरण्यास सामान्यतः बंदी आहे. परंतु अमुक यंत्रानें बाध येत नाहीं असें विमान चालविणाऱ्यानें स्वतः ठरविलें असेल, तर तें चालतें. जबाबदारी अर्थात त्याचीच. शिवाय स्पीकरांत लोहचुंबक असतो. तो होकायंत्राजवळ ठेविल्यास सुई भलतीकडे वळते, हेंही विसरूं नये.

गाणें आणि नियंत्रकाचा आवाज एकाच हेडसेटांतून येणार, मग त्यांची मारामारी कोणी सोडवावयाची? त्यासाठीं विमानांत ध्वनिनियामक फलक बसविलेला असतो. रेडिओवर कोणी बोलूं लागला, कीं हा फलक गाण्याचा आवाज क्षणार्धांत खालीं आणतो, आणि बोलणें संपल्यावर तो हळूहळू पूर्ववत् करतो. सुसंस्कृत घरांत वडील माणसें बोलूं लागलीं म्हणजे मुलें आपण होऊन गप्प बसतात, तसाच हा प्रकार. एका रेडिओ-मार्गावर अनेक विमानें बोलत असतात आणि त्यांतून आपल्याच विमानाचा क्रमांक टिपावयाचा असतो. त्या दृष्टीनें ही सोय लहानसहान नव्हे.

परंतु प्रत्येक इशारा कांहीं रेडिओवाटे येत नाहीं, आणि खरा धोका येथेंच आहे. सेस्ना १७२ चा वेग फार घटून पंखांचा आधार सुटण्याची वेळ आली, कीं एक भोंगा वाजूं लागतो. त्यास वीज लागत नाहीं. डाव्या पंखाच्या पुढील कडेस एक छिद्र असतें. विमानाचें नाक फार वर उचललें गेलें म्हणजे त्या छिद्रापाशीं हवेचा दाब कमी होऊन आंतील हवा ओढली जाते, आणि वाटेंतील पितळी पट्टी बाजाच्या पेटींतील सुराप्रमाणें वाजूं लागते. आधार सुटण्यापूर्वीं पांच ते दहा नॉट वेग शिल्लक असतांनाच तो सूर निघतो, म्हणून त्याचें मोल मोठें. पण तो हेडसेटांत येत नाहीं. बाहेरच्या हवेंतूनच कानावर पडावा लागतो. तीच गोष्ट एंजिनाची. दमट हवेंत कार्ब्युरेटरमध्यें बर्फ धरूं लागला म्हणजे फेरे घटून एंजिनाचा सूर किंचित् उतरतो. जाणत्या वैमानिकास हा बदल कांट्याकडे पाहण्यापूर्वींच कळतो. घुमारा पुसून टाकणारा हेडसेट आणि त्यावर गाणें, असें झाल्यास तो उशिरां कळेल. शांतता देणाऱ्या हेडसेटामुळें असे आवाज ऐकूं न येण्याचा संभव आहे, अशी सूचना अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानेंही २००७ मध्यें प्रसिद्ध केली.

याशिवाय प्रश्न आहे तो अवधानाचा. ११ सप्टेंबर १९७४ रोजीं शार्लट शहराजवळ उतरतांना एक प्रवासी विमान धुक्यांत कोसळलें. वैमानिक उतरतांना अवांतर गप्पांत गुंतले होते व उंचीचें भान सुटलें होतें, असें चौकशींत आढळून आलें. त्यावरून १९८१ मध्यें नियम झाला, कीं प्रवासी विमानांत जमिनीवर चालतांना, चढतांना, उतरतांना आणि सामान्यतः १०,००० फुटांखालीं कामाव्यतिरिक्त कांहीं बोलूं वा करूं नये. खासगी विमानास हा नियम लागू नाहीं. पण त्यांतील तत्त्व त्यालाही सोडीत नाहीं.

म्हणून शहाणा वैमानिक कांहीं मर्यादा आपणच घालून घेतो. गाणें कोणतें हें जमिनीवरच ठरवावें, वर यंत्राशीं खेळत बसूं नये. उड्डाण स्थिर होऊन सर्व कांटे तपासून झाल्यावरच तें लावावें, आणि उतरण्याची तयारी सुरू होण्यापूर्वीं बंद करावें. दाट रहदारींत, वाईट हवेंत किंवा एंजिनाविषयीं शंका येतांच तें प्रथम थांबवावें. आवाज इतकाच ठेवावा, कीं भोंगा त्यावरून सहज ऐकूं यावा. आणि तो तसा येतो कीं नाहीं, हें शिक्षकास बरोबर घेऊन सुरक्षित उंचीवर एकदां पडताळून पाहावें. घरीं गाणें बेसावधपणें ऐकलें तरी फक्त एखादी सुरेख जागा निसटते; आकाशांत निसटतें तें निराळेंच असतें. तेथें पहिला श्रोता वैमानिक नसून विमान आहे, आणि त्याचें म्हणणें ऐकून झाल्यावर जो वेळ उरेल, तेवढाच संगीताचा.