ऋषिपंचमीच्या उद्यापनानंतर

भाद्रपद लागला म्हणजे तानसा तलावाभोवतीचे रान हिरवेगार झालेले असते आणि शहापूरच्या बाजारात ठाकूर-कातकरी बाया रानभाज्यांच्या पाट्या घेऊन बसतात. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य. म्हणून अळू, सुरण, माठ, भोपळा अशा हाताने लावलेल्या किंवा आपोआप उगवलेल्या भाज्या एकत्र शिजतात. घरातील स्त्रिया आघाड्याच्या काड्यांनी दंतधावन करून सप्तर्षींची व अरुंधतीची पूजा करतात. रजस्वला असताना नकळत घडलेल्या स्पर्शदोषाचे हे परिमार्जन, अशी जुनी समजूत. आणि पाळी कायमची गेली म्हणजे या व्रताचे उद्यापन करावयाचे, असा प्रघात आहे.

पाळीत दोष कसला आला आहे! ती कल्पना आम्हांस मान्य नाही. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्त्रीच्या आयुष्यातील या स्थित्यंतराची दखल आमच्या घरांत कोणी घेतली असेल, तर ती या उद्यापनाने. त्यासाठी भटजींस बोलावणे जाते, पूजा होते, पाने मांडली जातात. मात्र जिच्यासाठी हे सारे चालले आहे, तिला रात्री झोप लागते काय, एवढे कोणी विचारीत नाही.

म्हणून प्रथम हे स्थित्यंतर म्हणजे काय ते पाहू. स्त्री आपल्या दोन बीजकोशांत बीजांचा साठा जन्मतःच घेऊन येते. तानसा तलाव दर पावसाळ्यात पुन्हा भरतो. बीजकोश पुन्हा भरत नाहीत. चाळिशीच्या सुमारास हा साठा संपत येतो आणि त्याबरोबर इस्ट्रोजेन नावाचा रस प्रथम कमीजास्त होऊ लागतो व मागाहून उतरतो. पाळी कधी लवकर, कधी लांबून येते. सलग बारा महिने ती आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. सुश्रुतसंहितेत रजाची मर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितली आहे. आजच्या पाहण्यांत भारतीय स्त्रीचे सरासरी वय ४६ ते ४७ च्या आसपास येते. पाश्चात्य देशांत ते ५१ च्या सुमारास असते. चाळिशीच्या आतच पाळी थांबली, तर मात्र ‘सुटले एकदाची’ म्हणून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांस दाखवावे.

या काळातील सर्वांत परिचित त्रास म्हणजे वाफारे. छातीतून एकाएकी उष्णता मानेवर व चेहऱ्यावर चढते, घाम फुटतो, दोन-चार मिनिटांत ती ओसरते आणि मागून कधी हुडहुडीही भरते. मेंदूत शरीराची उष्णता सांभाळणारे जे केंद्र आहे, ते इस्ट्रोजेन उतरल्यामुळे अतिशय हळवे होते. एरवी जाणवणारही नाही एवढ्या उष्णतेसही ते घाम आणून उत्तर देते. हाच प्रकार रात्री झाला की झोप मोडते. झोप मोडली की चिडचीड, विसराळूपणा आणि उदासपणा ओघानेच येतात. सांधे दुखतात, छातीत धडधडते, लघवीस वारंवार जावे लागते, योनिमार्ग कोरडा पडून पतिसहवास क्लेशदायक होतो. हे शेवटचे दुखणे तर नवऱ्यासही सांगितले जात नाही. प्रत्येकीस सर्वच त्रास होतात असे नव्हे. पण ज्यांस होतात त्यांस ते वर्षानुवर्षे पुरू शकतात.

एकत्र कुटुंबात यावर काय म्हटले जाते? ‘सासूबाईंचा स्वभावच आताशा बिघडला आहे.’ सून बाळंतपणाच्या खोलीत आहे, नात नहाण आली आहे, आणि स्वयंपाकघरातील शेगडीपुढे उभी असलेली सासू घामाने डवरली आहे. एकाच छपराखाली तिघींची तीन स्थित्यंतरे चालू असतात. पहिल्या दोघींस डिंकाचे लाडू मिळतात, तिसरीस टोमणा. वाचकभगिनींपैकी ज्या सुना असतील, त्यांनी हे वाक्य क्षणभर मनात घोळवावे.

उपाय कठीण नाहीत. सैल सुती कपडे, उशाशी गार पाणी, उघडी खिडकी, रात्रीच्या जेवणात तिखट कमी आणि झोपण्यापूर्वी चहा वर्ज्य, एवढ्यानेही अनेकींस आराम पडतो. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने विरळ होतात. म्हणून दिवसाकाठी सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅमांत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, आणि तिळात त्याहूनही कितीतरी अधिक. दूध-दही, सकाळचे ऊन आणि रोजचे अर्धा तास भरभर चालणे यांची जोड द्यावी. देवघर ते स्वयंपाकघर ही फेरी चालण्यात जमा धरू नये!

एवढ्याने भागले नाही, तर औषधे आहेत. इस्ट्रोजेनच्या उपचाराविषयी २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासामुळे जगभर धास्ती पसरली. पुढील फेरतपासणीत असे दिसले की, साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीस त्याचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. मात्र स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, पक्षाघात किंवा यकृताचा विकार झालेला असल्यास सहसा हा उपचार देत नाहीत. आणि गर्भाशय जागेवर असल्यास जोडीला प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते. शेजारणीच्या गोळ्या आणून घेण्याचा हा विषय नव्हे. कोरडेपणावर वरून लावण्याची साधी मलमे आहेत. डॉक्टरीणबाईंस विचारण्यात लाज कसली?

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली, तिच्याकडे वळतो. असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. गृहिणीचे उद्यापन होऊन तीन वर्षे झाली आहेत. घरातील सोवळ्याचा नैवेद्य आता कायमचा तिच्याकडे आहे. तो तिचा मान आहे. एके सकाळी तिला लुगड्यावर रक्ताचा डाग दिसतो. सांगितले तर सोवळे मोडले, उद्यापन फुकट गेले, चारचौघांत शोभा झाली. ती लुगडे धुऊन टाकते आणि गप्प राहते. असे सहा महिने जातात.

हे सहा महिने जिवावर बेतू शकतात. पाळी गेल्यानंतर वर्षाने किंवा त्याहून उशिरा रक्ताचा एक थेंब दिसला, तरी तो पाळीचा समजू नये. दहांपैकी सुमारे नऊ जणींत कारण साधे निघते. पण उरलेल्या एकीस गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो आणि वेळीच कळल्यास तो बहुतेक वेळा बरा होतो. सोनोग्राफी, आणि लागल्यास अस्तराचा तुकडा तपासणे, एवढ्यावर निदान होते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोगही असाच रक्ताने आपली वर्दी देतो; तो तर वर्दी येण्यापूर्वीच हुडकता येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, आयुष्यातून एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

याच्या उलट टोकाची चूकही महाराष्ट्राने पाहिली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची हकीकत उजेडात आली. तेथे हजारो जणींची ‘पिशवी’ काढली गेली होती आणि त्यांत ऐन तिशीतल्या कित्येक होत्या. बीजकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती हळूहळू न येता एका दिवसात येऊन कोसळते. तेव्हा चाळिशीत अंगावरून जास्त जाऊ लागले, तर कारण तपासून घ्यावे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि मगच शस्त्रक्रियेस रुकार द्यावा.

तानशापासून फार दूर नसलेल्या कल्याणशी जिचे नाते होते, ती आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाली. आमच्या स्त्रिया पुरुषापुढे आपले दुखणे उघड करीत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हवी, हे तिचे म्हणणे होते. १८८६ साली ती डॉक्टर झाली. आज स्त्री डॉक्टर आहेत, शहापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. तरी घरातल्या घरात बोलण्याची अडचण कायमच आहे.

यंदा ज्या घरी उद्यापन असेल, तेथील थोरल्या सुनेने पाने उचलून झाल्यावर सासूबाईंजवळ घटकाभर बसावे आणि म्हणावे, ‘आई, यापुढे कधी डाग दिसला, तर प्रथम मला सांगा. सोवळ्याचे मी पाहीन.’ उद्यापनाची खरी सांगता आमच्या मते त्या वाक्यात आहे.