गोलजाळ्यासमोरची एकच जागा

आमच्या कामठीत पोट्टे टीम पाडतात तेव्हा गोलकीपर कोणी मागून घेत नाही. शेवटी जो उरतो तो गोलात. मीही तसाच उरलो होतो. वयानं धाकटा, अंगानं काटकुळा आणि पायात बूट नाहीत. पुढे त्याच जागेनं मला नागपूर लीग दाखवली, खेळाडू कोट्यातली नोकरी दिली आणि बदल्यात दोन्ही गुडघे घेतले. आता सकाळच्या वेळी पोरांना गोलकीपिंग शिकवतो. कुंपणाशी उभे असलेले आईबाप हमखास विचारतात, "सर, पोट्ट्याचं काही होईल का यात?"

उत्तर देण्याआधी मी त्यांना एक हिशेब सांगतो. फॉरवर्डची जागा गेली तर त्याला विंगला घेता येतं. बॅक मधल्या फळीत खेळू शकतो. गोलकीपरला अशी पळवाट नाही. व्यावसायिक क्लबात तिघे गोलकीपर असतात, खेळतो एक. आज सामन्यात पाच बदली खेळाडू चालतात, पण त्या पाचांत गोलकीपरचा नंबर लागतो तो बहुधा पहिल्याला दुखापत झाली तर, नाहीतर त्याला लाल कार्ड मिळालं तर. म्हणजे सोबत्याचा वाईट दिवस हाच दुसऱ्याचा चांगला दिवस. आणि हे दोघं रोज एकमेकांना चेंडू मारून तयार करत असतात! इतका विचित्र शेजार दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल, मला ठाऊक नाही.

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचंच बघा. उपांत्य सामन्यात प्रद्युत बर्मन गोलात होता. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, आणि प्रशिक्षक रहीम साहेबांनी आजारातून उठलेल्या पीटर थंगराजला उभं केलं. भारत 2-1 नं जिंकला. रहीम साहेबांचा निर्णय बरोबरच ठरला, पण मला आठवतो तो बर्मन. काय चूक होती त्याची? काहीच नाही. थंगराज उंच होता, वरून येणारे चेंडू सहज उचलायचा, बस.

याच थंगराजच्या काळात आपल्या माटुंग्याचा एस. एस. नारायण खेळला. 1956 चं मेलबर्न आणि 1960 चं रोम, असे दोन ऑलिंपिक त्याच्या नावावर आहेत. मेलबर्नला भारत चौथा आला. तो बास्केटबॉलही खेळायचा, आणि त्याचे हात तिथंच तयार झाले असतील असं मला वाटतं. 2021 मध्ये ठाण्यात तो वारला. फुटबॉलच्या बाहेर किती जणांना त्याचं नाव माहीत होतं?

गोलकीपरची चूक स्कोअरबोर्डवर जाऊन बसते, हा दुसरा ताप. फॉरवर्डनं पाच सोपे चेंडू घालवले आणि सहावा मारला तर तो हीरो. आमचं उलटं. चांगले अडवलेले कोणी मोजत नाही, एक सुटला की कुंपणावरून आवाज येतो, "काहून बे, झोपला होता का?" 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानच्या तरुण भास्कर गांगुलीनं ईस्ट बंगालविरुद्ध चार गोल खाल्ले आणि त्याला बाहेर काढलं. सामना 5-0 गेला. कोलकात्यात असा पराभव माणसाला घराबाहेर पडू देत नाही. पुढे तो गेला कुठे, तर ईस्ट बंगालमध्येच. ज्यांनी गोल मारले त्यांनीच त्याला उभं केलं, आणि 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता.

पण चढउतार म्हणावा तो सुब्रत पॉलचा. टाटा अकादमीतून आलेला हा पोरगा 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानच्या गोलात होता. डेम्पोचा ब्राझिली फॉरवर्ड क्रिस्तियानो ज्युनियर चेंडू घेऊन घुसला, पॉल पुढे झेपावला, दोघं धडकले. गोल झाला, ज्युनियर मात्र उठला नाही. त्याचा मृत्यू झाला. पॉल तेव्हा जेमतेम अठराचा. चौकशी झाली, काही काळाची बंदीही आली. फॉरवर्ड समोर सुटला की पुढे झेपावून कोन कमी करायचा, हेच आम्ही शिकवतो. त्या दिवसानंतर तोच धडा तो कसा गिरवत राहिला असेल?

गिरवला मात्र त्यानं. 2009 च्या नेहरू करंडकाच्या अंतिम सामन्यात सीरियाच्या पेनल्टी अडवून त्यानं करंडक आणला. पेनल्टी घेतात 11 मीटरवरून, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरनं मारलेला चेंडू 0.4 सेकंदात रेषेवर. बघून उडी मारायला वेळच नसतो. मारणाऱ्याचा टेकलेला पाय, कंबर, खांदा वाचून आधी निघावं लागतं. त्याच सुमारास तो पुणे एफसीत आला. मग जानेवारी 2011, दोहा, आशियाई करंडक. भारत तिन्ही सामने हरला, एकूण 13 गोल खाल्ले. आकडा वाचून कोणीही म्हणेल, संपला हा. घडलं उलटं. कोरियाच्या माऱ्यासमोर त्यानं जे अडवलं ते पाहून लोक त्याला स्पायडरमॅन म्हणू लागले. पुढे 2014 मध्ये तो डेन्मार्कच्या क्लबात गेला, नंतर मुंबई सिटीकडून खेळला आणि 2023 मध्ये, सदतिशीत, निवृत्त झाला.

या वयाकडे आईबापांनी नीट बघावं. फॉरवर्ड तिशी ओलांडली की मंदावतो. गोलकीपर तेव्हा कुठे पिकायला लागतो, कारण त्याचं निम्मं काम उडी मारण्याचं नसून उभं कुठे राहायचं हे ओळखण्याचं आहे. इटलीच्या दिनो झोफनं विश्वचषक जिंकला तो चाळिशीत. आपल्या गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरच्या गोलात वर्षानुवर्षं उभा राहिला, भारताचा कर्णधार झाला. 1983 च्या संतोष करंडकात गोव्याचा बंगालशी अंतिम सामना दोनदा गोलाविना सुटला आणि करंडक वाटून घ्यावा लागला. त्याला अर्जुन मिळाला 1997 मध्ये आणि पद्मश्री 2022 मध्ये. आमच्या जमातीला दाद उशिरा मिळते, ती अशी.

आता नागपूरचं. इथं अडचण पोरांची नाही, जमिनीची आणि शिकवणाऱ्यांची आहे. मुरमाच्या मैदानावर डाइव्ह मारली की कोपर आणि कंबर सोलून निघते, मग पोरगा नकळत पायानं अडवायला शिकतो आणि ती सवय मोठेपणी सुटत नाही. 1992 पासून सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू गोलकीपरला हातानं उचलता येत नाही, म्हणजे पाय हवेतच. पण ते पास द्यायला. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं घेऊन जे फुटबॉल सुरू केलं, ते 'झुंड' सिनेमामुळे सगळ्यांना कळलं. त्यातून बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोरं गेली. तो खेळ चौघांचा: तीन खेळाडू, एक गोलकीपर. लहान मैदानात गोलकीपरला सतत चेंडू येतो. अकराच्या सामन्यात तासभर उन्हात नुसतं उभं राहून तो जेवढं शिकेल, त्याहून कितीतरी जास्त तिथं शिकतो. म्हणून मी माझ्या पोरांना आधी चौघांतच खेळवतो.

पैशाचं म्हणाल तर आयएसएल 2014 मध्ये आली, तोवर आमच्या पिढीचं स्वप्न रेल्वे, पोलीस किंवा कोळसा खाणीची नोकरी एवढंच होतं, आणि आजही नागपूरच्या बहुतेक पोरांसाठी तेच आहे. त्यात वाईट काही नाही. पगार महिन्याला येतो, गोल खाल्ले तरी येतो. पण एखाद्याला बाहेरच्या क्लबाचं बोलावणं आलंच, तर बाप कागद घेऊन माझ्याकडे येतो. मी रक्कम नंतर बघतो. आधी विचारतो, तिथला पहिला गोलकीपर कोण आणि किती वर्षांचा? तो चोविशीचा असेल तर मी बापाला सांगतो, पोराला दुसरीकडे घाला.