हवं ते काम मिळतं का?

मिरज जंक्शनवरून बेळगावची गाडी थेट मिळते. तिथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जायचं मात्र आपल्या हातात नसतं. सांगली-साताऱ्याच्या मुलांची अग्निवीर भरती कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे. ‘मराठाच द्या’ हा हट्ट तिथे चालत नाही, अग्निवीराला कोणत्याही रेजिमेंटमध्ये पाठवता येतं.

निवडायचा असतो तो प्रवर्ग, आणि तोही अर्ज भरतानाच. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण 45 टक्के लागतात. टेक्निकलला बारावी विज्ञान, भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजीसह, एकूण 50 टक्के व प्रत्येक विषयात 40. क्लार्कला शाखा कोणतीही, पण एकूण 60 टक्के आणि प्रत्येक विषयात 50 हवेत. त्यात टायपिंग चाचणीही आली. ट्रेड्समनमध्ये आचारी, न्हावी, धोबी, शिंपी वगैरे.

म्हणजे काम ठरतं ते खरं अकरावीला शाखा घेताना, मैदानावर नव्हे. पहाटे धावणारी पोरं हे उशिरा ओळखतात. 2023 पासून तर आधी ऑनलाइन परीक्षा, मग धाव. चुकीच्या उत्तराला गुणही कापले जातात. आयटीआय झालेल्यांना टेक्निकलसाठी आणि एनसीसी प्रमाणपत्र असणाऱ्यांना जादा गुण आहेत, ते सोडू नयेत.

नेमणूक 4 वर्षांची. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के.